दुकानाच्या पाटीला नोटीस, पलीकडच्या होर्डिंगला अभय: अधिकार नेमका कोणाचा?

घड्याळवाला (प्रश्न)

उत्तर गोव्यातील एका शहराच्या वेशीवर माझे घड्याळदुरुस्तीचे लहान दुकान आहे. वडिलांच्या काळातील लाकडी पाटी गेल्या पावसाळ्यात कुजली, म्हणून मी तिच्या जागी दिव्यांची नवी पाटी बसवली आणि ती लांबून दिसावी यासाठी भिंतीपासून सुमारे अडीच फूट पुढे काढली. महिनाभरातच पालिकेची नोटीस आली. पाटी विनापरवाना असून पदपथावर आलेली आहे, ती सात दिवसांत काढावी, अन्यथा पालिका ती काढून खर्च वसूल करील, असे त्यात म्हटले आहे.

नोटीस चुकीची आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु हाकेच्या अंतरावर, रस्त्यापलीकडच्या एका भाटात (बागायतीत), माडांच्या रांगेत सुमारे 40 फूट रुंद आणि 20 फूट उंच जाहिरातीचा लोखंडी सांगाडा उभा आहे आणि त्याच्याआड वळणावरचा वाहतुकीचा फलक निम्मा झाकला जातो. त्याबद्दल विचारले असता पालिकेने ती जागा पंचायतीची असल्याचे सांगितले, पंचायतीने रस्ता बांधकाम खात्याचा असल्याचे सांगितले आणि बांधकाम खात्याने जमीन खासगी असल्याचे सांगून विषय संपवला. अशा फलकावर कारवाई करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त स्थापत्य अभियंता

तिघांनीही आपल्यापुरते खरे सांगितले असण्याची शक्यता आहे आणि अडचण तिथेच आहे. पणजीत महापालिकेचा 2002 चा कायदा लागू होतो, इतर शहरांत 1968 चा गोवा नगरपालिका कायदा, तर गावांत 1994 चा पंचायत राज कायदा. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीतील जमिनीसाठी केंद्राचा 2002 चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे शहर कुठे संपते आणि पंचायत कुठे सुरू होते, हे रस्त्यावरून जाताना कळतही नाही, आणि जाहिरात कंपन्या या सीमा आपल्यापेक्षा चांगल्या ओळखतात. शहरात मिळणार नाही ती परवानगी शंभर पावलांवरच्या पंचायतीत मिळत असेल, तर सांगाडा पंचायतीत उभा राहतो आणि जाहिरात शहरवासीयांना दिसते.

तुमच्या बाबतीत मात्र जमिनीच्या मालकीचा वाद बाजूला ठेवूनही एक वाट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 116 नुसार, वाहतुकीचे चिन्ह झाकणारी किंवा चालकाचे लक्ष विचलित करणारी जाहिरात हटवण्याचा अधिकार राज्य सरकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला देऊ शकते. तेव्हा झाकलेल्या चिन्हाचे छायाचित्र चालकाच्या नजरेच्या उंचीवरून काढावे आणि तक्रार वाहतूक पोलिसांकडेही द्यावी.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. भारतीय मानकांत पणजीसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर धरला आहे. या वेगाला दर चौरस मीटरमागे 90 किलोंहून अधिक भार येतो. तुम्ही सांगितलेल्या आकाराच्या फलकाचे क्षेत्र सुमारे 74 चौरस मीटर भरते, म्हणजे पायावर आडवा रेटा जवळजवळ सात टनांचा. हा केवळ ढोबळ हिशेब आहे. उंची, भूरचना आणि फलकाचा आकार यांचे गुणक लावल्यावर आकडा बदलतो. खाऱ्या हवेत बोल्ट आणि सांधे आतून गंजत जातात, त्यामुळे उभारणीच्या वेळचा स्थैर्य दाखला पाच वर्षांनी कागदापुरताच उरतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात झाडे आणि विजेचे खांब कसे आडवे केले, ते आपण पाहिले आहे. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर कोसळून 17 जणांचा बळी घेणारे होर्डिंग 120 फूट लांब व तेवढेच उंच होते, तर मुंबई महापालिकेची मर्यादा 40 फूट बाय 40 फूट होती. तेथेही जागा आपल्या अखत्यारीत आहे की नाही, यावरच यंत्रणांत वाद होता.

मडगावचा वकील

वरील उत्तरात एक भर घालतो. जमीन खासगी आहे, एवढ्याने फलक नियमांतून सुटत नाही. खासगी जागेवर घर बांधायलाही परवाना लागतोच. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्यावसायिक जाहिरातीलाही अभिव्यक्तीचे संरक्षण असल्याचे मान्य केले आहे. त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा आकार, अंतर, उंची आणि सुरक्षितता यांवर आधारलेले निर्बंध न्यायालयात अधिक टिकाव धरतात. ब्राझीलमधील साओ पावलो शहराने 2007 पासून बाह्य जाहिरात जवळजवळ पूर्ण बंद केली, हे उदाहरण वारंवार दिले जाते, परंतु ते आपल्या घटनेच्या चौकटीत जसेच्या तसे बसवणे कठीण आहे.

पैशाची बाजूही लक्षात घ्यावी. वस्तू व सेवा कर आला तेव्हा 101 व्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीतील जाहिरात कराची नोंद वगळली. तेव्हापासून स्थानिक संस्थांची मदार कराऐवजी परवाना शुल्कावर आहे, आणि शुल्क म्हटले की त्याच्या बदल्यात तपासणी आणि देखरेख अपेक्षित असते. शुल्क घेऊन तपासणी न करणाऱ्या संस्थेला हा प्रश्न लेखी विचारता येतो. तुमच्या नोटिशीबाबत सांगायचे तर मुदत संपण्याआधी लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा आणि पाटी भिंतीलगत घेण्याची तयारी दाखवा. समोरच्याचे अतिक्रमण हा तुमचा बचाव होऊ शकत नाही. ती तक्रार वेगळ्या कागदावर करावी.

बार्देशची रहिवासी

मोठ्या सांगाड्यांइतकाच त्रास वाढदिवसाच्या आणि चतुर्थी-शिगम्याच्या शुभेच्छांच्या कापडी व प्लास्टिक फलकांचा आहे. आमच्या तिठ्यावर विजेच्या खांबाला बांधलेला एक फलक सण उलटून दोन महिने तसाच लोंबकळत होता आणि वळणारी दुचाकी दिसत नव्हती. विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा गोव्यात 1988 पासून आहे, आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक व पीव्हीसीच्या फलकांवर देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. तरीही कारवाई कधी होते, तर निवडणूक जाहीर झाल्यावर. तेव्हा सरकारी मालमत्तेवरचे फलक 24 तासांत, सार्वजनिक जागांवरचे 48 तासांत आणि खासगी जागांवरचे अनधिकृत फलक 72 तासांत उतरवावे लागतात, आणि ते उतरतातही! त्या तीन दिवसांत जी माणसे, शिड्या आणि वाहने मिळतात, ती एरवी कुठे जातात, हे मला कळलेले नाही. फलकावर ज्यांची छायाचित्रे असतात त्यांनाच तो काढण्याचा आदेश द्यायचा असतो, हे एक कारण असावे.

घड्याळवाला

सर्वांचा आभारी आहे. वकिलांच्या सल्ल्याप्रमाणे नोटिशीला उत्तर दिले असून पाटी आता भिंतीला लागूनच बसवली आहे; ती पूर्वीइतकी लांबून दिसत नाही, हे खरे. काल भाटकाराची (बागायतीच्या मालकाची) परवानगी घेऊन सांगाड्याजवळ जाऊन आलो. खांबावर परवाना क्रमांकाची पत्र्याची पट्टी आहे, पण तिच्यावर वेल चढलेली आहे. वेल बाजूला केल्यावर क्रमांक वाचता आला, मुदतीचा रकाना मात्र गंजून गेला आहे. तो क्रमांक कोणत्या संस्थेच्या नोंदवहीत आहे, मुदत कधीपर्यंत आहे आणि स्थैर्याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, हे तीन प्रश्न माहिती हक्काच्या अर्जात पालिका, पंचायत आणि बांधकाम खाते या तिघांनाही स्वतंत्रपणे विचारले आहेत. वाहतूक पोलिसांना छायाचित्रासह वेगळे पत्र दिले आहे. उत्तरे आली की येथेच कळवीन.