पायाच्या नखात काळी रेघ: जीपीचं ऐकू का?

सातारकर_ब्रिस्बेन: इकडे ऑस्ट्रेलियात येऊन ११ वर्षं झाली. डाव्या अंगठ्याच्या नखात पेन्सिलीने ओढावी तशी उभी रेघ आली आहे. वाटलं, क्रिकेटचा बॉल बसला असेल. पण चार महिने झाले, रेघ पुढे सरकत नाही, उलट बुडाशी जाड झाली. बायकोच्या लशीसाठी जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो होतो, तिथे सहज सँडल काढून दाखवलं. डॉक्टरांनी दिवा लावलेलं भिंग टेकवलं, फोटो काढला आणि म्हणाले, "बायोप्सी करून घेऊ, तुकडा काढून तपासू." आई फोनवर म्हणते, "आपल्या रंगाला कसला आलाय कॅन्सर, तो गोऱ्यांचा रोग." उगाच वाढवतायत का?

मिरजेची_माई: आईंचं अर्धं खरं आहे हो. उन्हाने होणारे आपल्याला कमी होतात. पण तळपाय, तळहात, नखाखाली होणारा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, उन्हाचं बघत नाही. आमच्या ह्यांच्या टाचेवरचा तीळ जीपीनेच दवाखान्यात काढला. भूल दिली, बाजूची २ मिमी कातडी घेऊन सगळा तीळ लॅबला. रिपोर्ट साधा निघाला. त्रास काय तो टाक्यांचा! दोन आठवडे हे बसून बसून जिना उतरत होते.

पर्थचा_पम्या: माझ्या तर सहा बोटांना रेघा आहेत. गेलो का मी?

नाइटशिफ्ट_नर्स: पम्या, सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांना अशा फिकट रेघा असतात, बहुतेक निरुपद्रवी. तरी पुढच्या वेळी जीपीला हात दाखव. एकाच नखात नवीन आली, जाड होत चालली, काळेपणा कडेच्या कातडीवर उतरला, तर मात्र थांबायचं नाही. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यालाही हाच मेलानोमा होता, आधी फुटबॉलची जखम समजले. १९८१ मध्ये गेला, वय ३६.
सातारकर, नखाची बायोप्सी मुळापासून घ्यावी लागते, ती सगळेच जीपी करत नाहीत. तुमचे स्वतः करणार की त्वचातज्ज्ञाकडे पाठवणार, सरळ विचारा. पाठवणार असतील तर रेफरलचं पत्र घ्याच. त्याशिवाय तज्ज्ञाच्या फीवर मेडिकेअरचे (सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे परत मिळत नाहीत. पत्रात 'रुंदी वाढतेय' हे लिहून घ्या, नंबर लवकर लागायला मदत होते. आणि ते भिंगातले फोटो सोबत पाठवायला सांगा.

सातारकर_ब्रिस्बेन: पत्र आजच घेतलं, पुढच्या गुरुवारी नंबर आहे. आईला अजून बोललो नाही. काल व्हिडिओ कॉलवर पाय दिसला, तर विचारते, "नेलपॉलिश लावलंस का रे?"