मदत हवी आहे: भित्तिपत्रकातल्या लेखावरून 'कारणे दाखवा' नोटीस

नमस्कार मंडळी,

विद्यापीठ कायद्याची माहिती असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

माझी भाची एका अनुदानित कॉलेजात टीवायबीएला आहे. मराठी विभागाच्या भित्तिपत्रकात तिने लेख लिहिला: स्कॉलरशिप रखडलीय, तरी फी भरल्याशिवाय हॉल तिकीट देत नाहीत. कुणाचं नाव नाही, अपशब्द नाही, सरांनी वाचून सही केलेली. दुसऱ्या दिवशी काचेमागून तेवढाच कागद गायब, चारही टाचण्या जागच्या जागी. मग नोटीस आली: संस्थेची बदनामी व शिस्तभंग. सोबत प्रवेशाच्या वेळचं हमीपत्र, की संस्थेविरुद्ध कुठल्याही माध्यमात लिहिणार नाही. सही केली नाही तर प्रवेश नाही, मग मुलं करणार काय? मला याची भयंकर चीड येते.

घटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर निर्बंध घालायची जी कारणं दिलीत, त्यात बदनामी आहे, पण खरी अडचण मांडणं ही बदनामी कशी? वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सहा विद्यार्थ्यांना काढलं आणि काही दिवसांत आदेश मागे घेतला. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून काढलं होतं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश स्थगित करून तिला परीक्षेला बसू दिलं. पण मुंबईच्या 'टिस'मधल्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) पीएचडीच्या विद्यार्थ्याचं एप्रिल २०२४ मधलं निलंबन सर्वोच्च न्यायालयाने कमी केलं ते थेट मे २०२५ मध्ये. वर्ष गेलंच की!

म्हणून विचारतेय. असं हमीपत्र कायद्यापुढे टिकतं का? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत स्कॉलरशिपची दिरंगाई आणि विद्यार्थ्याचा छळ, दोन्ही तक्रारीत धरलेत. मग नोटिशीला उत्तर देतानाच त्या नियमांखालच्या तक्रार निवारण समितीकडेही अर्ज करावा का? समितीने ऐकलं नाही तर त्याच नियमांतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या लोकपालांकडे जाता येतं. कुणाला तिथला अनुभव आहे का?

प्राचार्य तोंडी म्हणतात, माफीनामा द्या, विषय संपवू. ताई-भावजी घाबरलेत, अंतर्गत गुण कॉलेजच्याच हातात आहेत. भाची म्हणते, "लेखातलं एक वाक्य खोटं दाखवा, मी माफी मागते." मी तिच्या बाजूने आहे, पण तिचं शेवटचं सत्र वाया जाऊ द्यायचं नाहीये.

उत्तराची मुदत सोमवारी संपते. कुणाकडे अशा उत्तराचा मसुदा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि पोच म्हणून आवक क्रमांक घ्यायचा की स्पीड पोस्टाने पाठवायचं, तेही सांगा.