दक्षिण आफ्रिकेतील राखीव बीईई समभाग: स्वस्त, पण घ्यावेत का?

गौतेंगकर: मी मूळचा साताऱ्याचा, २००९ साली येथील नागरिकत्व घेतले. पत्नी दरबानच्या भारतीय कुटुंबात जन्मलेली आहे. सासोल या इंधन व रसायन कंपनीचा बीईई, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सक्षमीकरणासाठी राखीव समभाग जोहान्सबर्ग शेअर बाजारात त्याच कंपनीच्या साध्या समभागापेक्षा सहसा स्वस्त मिळतो, लाभांश मात्र सारखाच असतो. मला तो घेता येईल का, आणि यात मेख कोठे आहे?

जुना हिशेबनीस: तुम्हाला येणार नाही. या सक्षमीकरणाच्या २००३ च्या कायद्यातील ‘कृष्णवर्णीय’ या व्याख्येत भारतीय वंशाचे लोक येतात, पण ते जन्माने वा वंशाने दक्षिण आफ्रिकेचे नागरिक असले पाहिजेत, किंवा २७ एप्रिल १९९४ पूर्वी नागरिकत्व मिळालेले अथवा तेव्हा त्यास पात्र असलेले. तुमच्या पत्नी पात्र ठरतात. मात्र नाव त्यांचे आणि लाभ तुमचा, असा व्यवहार करू नये. २०१३ च्या दुरुस्तीपासून अशी नामधारी मालकी हा गुन्हा आहे.

क्वाझुलूची लेक: मेख किमतीतच आहे. विकताना ग्राहकही पात्र व्यक्तींमधूनच शोधावा लागतो, त्यामुळे आज मिळणारी सवलत उद्या तुम्हालाच द्यावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे असे समभाग ज्या योजनेतून दिले जातात तिच्यामागे कर्ज आहे का, हे पाहावे. २००८ च्या सासोल इन्झालो योजनेत समभागाचा भाव ३६६ रँड धरला होता आणि बहुतांश रक्कम कर्जाची होती. २०१४ मध्ये खनिज तेलाचे भाव कोसळले आणि २०१८ साली मुदत संपली, तेव्हा कर्जापुढे भागधारकांच्या हाती जवळपास काहीच उरले नाही. याउलट दूरचित्रवाणी कंपनी मल्टिचॉइसच्या फुथुमा नाथी योजनेत २००६ साली समभागामागे १० रँड घालणाऱ्यांना वर्षानुवर्षे भरघोस लाभांश मिळाला, कारण दूरचित्रवाणीच्या वर्गणीतून रोख पैसा नियमित येत होता. अर्थात त्याच कंपनीचे ग्राहक आता घटत आहेत आणि २०२५ मध्ये ती कॅनल प्लस या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात गेली, म्हणून जुना परतावा पाहून आज तेथे शिरणे मला तरी धाडसाचे वाटते.

गौतेंगकर: मग पत्नी स्वतःच्या बचतीतून सासोलचा कर्जमुक्त राखीव समभागच घेईल. नेहमीचे दलालाचे खाते चालेल का?

जुना हिशेबनीस: दलाल हे समभाग हाताळतो का, ते आधी विचारा, पात्रतेची पडताळणी आणि स्वतंत्र करार आवश्यक असतो. करारातील वारसाविषयीचे कलमही दोघांनी वाचावे, कारण पत्नीच्या पश्चात हे समभाग तुम्हाला, अपात्र असल्यामुळे, तसेच ठेवता येतील असे गृहीत धरू नये.