सीएनईचे (नर्सच्या चालू शिक्षणाचे) पॉइंट होतील हो, पण कामाचं शिकायला कुठं मिळतं?

निशिगंध_जीएनएम
नमस्कार सगळ्यांना. मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पुढच्या वर्षी रजिस्ट्रेशन रिन्युअल आहे, 5 वर्षांत 150 तास सीएनई लागतं आणि माझे बरेच बाकी आहेत. आजवर जिथं गेले तिथं तेच, सकाळी सही, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, मग स्लाइड वाचून दाखवायच्या, जेवण, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. मागच्या खेपेला डेंग्यूपासून मोबाईलच्या व्यसनापर्यंत सगळं एका दुपारीत उरकलं, दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीत त्यातलं काही म्हणजे काही कामाला आलं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात सर्पदंश, डेंग्यू आणि बारा महिने शुगर-बीपी. पॉइंटही मिळतील आणि उपयोगही होईल असं काय बघून निवडायचं? डे ऑफ जातो त्यात, म्हणून विचारतेय.

आयसीयू_सिस्टर_पुणे
ताई, विषयाचं नाव बघूच नका, शिकवणारं कोण आहे ते बघा. 2025 च्या जानेवारीत इकडे सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसचे (गुलियन-बारे, नसांवर परिणाम होऊन हातपाय, श्वासाचे स्नायू लुळे पडतात तो आजार) पेशंट धडाधड यायला लागले तेव्हा आमच्यातल्या निम्म्या मुलींनी जीबीएस फक्त पुस्तकात वाचलेला. सिनिअर सिस्टरनी हॅन्डओव्हरच्या (पाळी बदलायच्या) वेळी बेडशेजारी उभं करून शिकवलं ते अजून डोक्यात आहे. श्वासाची ताकद किती उरलीय ते कळायला पेशंटला एका दमात एक, दोन, तीन असे आकडे मोजायला लावायचे आणि प्रत्येक शिफ्टला चार्टवर लिहायचं. काल 25 पर्यंत गेला आणि आज 14 वर अडकला की डॉक्टरांना लगेच बोलवायचं, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 98 दिसत असलं तरी, कारण ते पडतं सगळ्यात शेवटी. पाणी पिताना ठसका लागतो का, बीपी आणि पल्स वरखाली होतेय का, हेही बघायचं. याला एक पॉइंट मिळाला नाही बरं का 😄

रात्रपाळी_ब्रदर
सर्पदंश म्हणालात म्हणून लिहितो. ज्यात हाताने करून घेतात तेच सेशन घ्या. 20 मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट (विषाने रक्त गोठायचं थांबलंय का ते बघायची) सगळ्यांना तोंडपाठ असते, पण कोरडी स्वच्छ काचेची ट्यूब लागते, प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली पण नाही, नाहीतर रक्त गोठायचं ते गोठत नाही आणि उगाच एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) सुरू होतं. 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. आमच्या इथं लोक दर दोन मिनिटांनी उचलून बघायचे!! एएसव्ही लावायच्या आधी, रिअॅक्शन आली तर म्हणून, अॅड्रेनलिन भरून हाताशी पाहिजे. आणि मण्यार-नाग असेल तर वरच्या ताईंनी सांगितलेलं आकडे मोजणं इथंही चालतं, सोबत पापण्या जड होतायत का ते बघा. मण्यारच्या दंशाला सूज नसते, खूण पण दिसत नाही कधी कधी, पेशंट पोटात दुखतंय म्हणूनच येतो.

लेस्टरकर
मी सध्या इंग्लंडमध्ये. इथं दर 3 वर्षांनी रिव्हॅलिडेशन (म्हणजे आपलं रिन्युअलच), 35 तास शिक्षण, त्यातले 20 तास इतरांसोबत बसून केलेले पाहिजेत, वर आपल्या कामावर 5 टिपणं लिहायची, काय घडलं, काय शिकले, आता वेगळं काय करते. कॉपी-पेस्ट करणारे इथंही आहेत म्हणा. पण ते टिपण लिहायची सवय चांगली, वहीत चार ओळी लिहिल्या तरी चालतं. तिकडे कोणी मागत नाही म्हणून लिहू नये असं थोडंच आहे.

आयसीयू_सिस्टर_पुणे
आणि हो, ऑनलाइनवाल्यांना पैसे भरायच्या आधी त्या प्रोग्रामला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का आणि किती तासांची ते विचारून घ्या. सर्टिफिकेट रंगीत असतं नुसतं. डेंग्यूचं सेशन मिळालं तर त्यांना विचारा की ताप उतरल्यावर काय बघायचं. प्लेटलेटवरच बोलत बसले तर चहा पिऊन या, पल्स प्रेशर (वरच्या-खालच्या बीपीतला फरक) 20 वर आलं की काय करायचं ते सांगितलं तर पुढच्या बाकावर बसा.

निशिगंध_जीएनएम
थँक्यू सगळ्यांना 🙏 ब्रदर, आत्ताच लॅबमध्ये जाऊन बघून आले, आमच्याकडे सगळ्या ट्यूब प्लास्टिकच्याच. सोमवारी काचेच्या ट्यूबचा इंडेंट (मागणी) टाकते. इन्चार्ज सिस्टर विचारतील कशाला म्हणून, त्यांना हाच धागा दाखवते.