'साक्षी', 'साक्ष' आणि ख्रिस्ती लेखक

प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धेमुळे लेखकाची दृष्टी कशी घडते यावर लेख लिहितो आहे. त्यात 'असा लेखक जगाचा साक्षी असतो' असं वाक्य आलं. मित्राने वाचून विचारलं, हा वेदान्त मध्येच कुठून आला? मला 'साक्ष देणारा' एवढंच म्हणायचं होतं. साक्षी म्हणावं, साक्षीदार म्हणावं की आणखी काही?

उत्तर

मित्राचा कान तयार आहे. 'साक्षी'चा मूळ अर्थ 'साक्षात पाहणारा'. पाणिनीही शब्द तसाच सोडवतो. पुढे मात्र वाटा फुटल्या. मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. आपण 'साक्षीभाव' म्हणतो तो या दुसऱ्या पक्ष्याचा. कोर्टातल्या साक्षीदाराने नुसतं पाहून भागत नाही. त्याला उभं राहून बोलावं लागतं, उलटतपासणी सोसावी लागते.

मराठी बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांत, 'तुम्ही माझे साक्षी व्हाल' असं येतं. तो साक्षी बोलणारा आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द 'मार्तुस' हाही न्यायव्यवहारातलाच. पुढे विश्वासापायी जीव देणाऱ्यालाही तोच शब्द लागला. तेव्हा तुमचा शब्द चुकीचा नाही, पण चर्चच्या भाषेशी ओळख नसलेल्या वाचकाला तो बरोबर उलटा ऐकू येईल.

आणखी एक मत

मला वाटतं, तुमच्या लेखाचा विषयच या फरकात दडलाय. ख्रिस्ती मंडळीत 'साक्ष देणे' म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगणे. त्याचा एक साचाही ठरून गेलाय: आधी अंधार, मग प्रभूची भेट, मग उजेड. लेखक या साच्यात अडकला की संपलाच. बाबा पदमनजींची कादंबरी 'यमुनापर्यटन' (1857) घ्या. विधवांचे हाल सांगणारी पानं आजही अस्वस्थ करतात, कारण ती पाहिलेल्याची साक्ष आहे. कथा ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराकडे वळते तिथे मात्र लेखक वकील होतो.

याउलट लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलं. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या तरी आपलं सोवळं सांभाळून होत्या. ते एका फटक्यात सुटलं नाही. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं आहे, टिळकांच्या तापटपणासकट आणि स्वतःच्या फजितीसकट. नवऱ्याला संत करून दाखवायची केवढी सोय होती! बाईंनी ती घेतली नाही. उपदेशही जवळपास नाही. तरी मला हे पुस्तक पक्कं ख्रिस्ती वाटतं, ते 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस' या आज्ञेमुळे. (बहुतेक प्रोटेस्टंटांच्या मोजणीत ही नववी, कॅथलिक मोजणीत आठवी.) खोटी साक्ष म्हणजे फक्त निंदा नव्हे, खोटी स्तुतीही.

दुसरं असं की देव माणूस झाला, देहात आला, हा या श्रद्धेचा गाभा. योहानाच्या पहिल्या पत्राची सुरुवातच 'आम्ही ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं' अशा अर्थाची आहे. ज्याचा यावर विश्वास आहे त्याला चूल, भांडणं, आजारपण हे लिहिण्याजोगं वाटण्यासाठी वेगळं कारण लागत नाही.

शंका

पण खरं बोलायला ख्रिस्ती कशाला व्हायला हवं? तुकोबांनी 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' म्हटलंच आहे. ग्वाही म्हणजे साक्षच, फक्त फारसीतून आलेली. आणि 'मन साक्ष देत नाही' हे तर सगळेच म्हणतात.

त्यावर

मान्य. नारायण वामन टिळक स्वतःच म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या अभंगांत ते ऐकू येतं. सत्याचा मक्ता कुणाकडेच नाही. फरक असलाच तर इतका: तुकोबांच्या ओळीत मनच साक्षीदार आणि निवाडाही तिथेच. ख्रिस्ती साक्ष मनाबाहेर घडलेल्या घटनेबद्दल असते, एका विशिष्ट काळी क्रुसावर मेलेल्या आणि पुन्हा उठलेल्या माणसाबद्दल. म्हणून या परंपरेतल्या लेखकांना साक्ष देता न येण्याचं भय छळतं. जपानी कॅथलिक कादंबरीकार शुसाकु एंडो यांच्या 1966 च्या 'सायलेन्स'मध्ये सतराव्या शतकातला मिशनरी पाद्री छळ होणाऱ्या इतरांना वाचवण्यासाठी, श्रद्धा सोडल्याची खूण म्हणून, ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. त्याने साक्ष मोडली की दिली? एंडो निकाल देत नाहीत. अश्रद्ध लेखकही हा प्रसंग लिहू शकेल, पण त्यात त्याचं स्वतःचं काही पणाला लागेल का, याची मला शंका आहे.

मूळ प्रश्नाकडे

'साक्षीदार'ला कोर्टाचा वास फार येतो, 'साक्षी'ला उपनिषदाचा. वाक्य असं करून बघा: 'असा लेखक पाहतो आणि पाहिल्याची साक्ष देतो.' साक्ष स्त्रीलिंगी, त्यामुळे 'खरी साक्ष', 'खोटी साक्ष'. 'जगाची साक्ष' मात्र टाळा. जगाने दिलेली की जगाबद्दलची, ते कळत नाही.