जुन्या गाडीला चावी ओरिजिनल नसेल तर मार्क कापायचे का?

धुळेकर: माझं मत सरळ आहे. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत गाडी ओरिजिनल म्हणून जजसमोर उभी करता ना, मग चावीपण त्याच काळातली पाहिजे. क्रोम, टायर, काचेवरचा शिक्का सगळं बघतात अन् चावी बाजारातली चालवून घेतात. ओळखायला अवघड नाही हो. जुन्या चाव्या बऱ्याचशा पितळी, वरून निकेल, वापरून वापरून निकेल उडतं अन् दात्यांच्या कडेला पिवळं दिसतं. चुंबकाला फटकन चिकटली तर समजा आत लोखंड आहे. अन् डोक्यावरची अक्षरं भिंगाने बघा, ठशाची अक्षरं कडक उठलेली असतात, ओतीव नकलेत गुळगुळीत होतात, बारीक छिद्रंपण दिसतात.

चोपड्याचा जीपवाला: भो, हाई काई पटनं नई. महायुद्धातल्या सुरुवातीच्या विलीज आणि फोर्ड जीपला एच-७०० ही एकच चावी, सगळ्या गाड्यांना तीच, पुढे तर चावी काढून नुसता खटक्याचा स्विच दिला. आज नव्या एच-७०० पाहिजे तेवढ्या मिळतात. ज्या जीपला चावी कधी नव्हतीच तिला चावी लटकवून आणली तर तुम्ही मार्क वाढवणार का?

भुसावळचा चावीवाला: माझा धंदाच हा आहे म्हणून बोलतो. झिजलेल्या चावीवरून चावी काढली की झीजपण उतरते. चावीच्या नंबरवरून काढली तर दाते कारखान्याच्या मापाचे येतात, जुन्या इंग्लिश गाड्यांच्या एफएस नावाच्या चाव्यांच्या मालिकेत तो नंबर बऱ्याचदा चावी लावायच्या स्विचच्या तोंडावरच असतो. पण नंबर नाही म्हणून नकली असंही म्हणू नका. जनरल मोटर्सच्या जुन्या चावीत नंबर डोक्यातल्या छोट्या टिकलीवर असायचा, तो लिहून घेऊन टिकली पाडून टाकायचे, खाली नुसतं भोक राहायचं.

यावलकर: आमची पद्मिनी गाडी वडिलांपासून घरात आहे, चावी कपाशीच्या वावरात पडली ती पडलीच. २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांवरच्या विंटेज गाडीला चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको म्हटलंय, चावीचं नावपण नाही. सरकार मागत नाही ते तुम्ही का मागता?

धुळेकर: दादा, तो नोंदणीचा नियम, जजिंग वेगळं. जळगावच्या सराफ्यात हॉलमार्क बघतात तसंच हे, बारीक वस्तूवरच खरं-खोटं कळतं. जीपवाल्या भाऊंचं मात्र मान्य, नसलेल्या चावीचे मार्क वाढवू नयेत, उलट कापावेत. बाकीच्यांनी लिहून द्यावं, जुनी आहे, नंबरवरून काढलीय की बाजारातली. खोटं लिहिलं तर पूर्ण मार्क कापा.

यावलकर: लिहून द्यायला तयार आहे. पण खरं लिहिणाऱ्याचे किती कापणार ते सांगा आधी.