मदत हवी आहे: सोंगणीचं जुनं इंग्रजी व्यंगचित्र, मूळ छाप की नक्कल?

नमस्कार मंडळी. पंचवटीतलं आमचं जुनं घर आवरताना आजोबांच्या पेटीत एक छापील व्यंगचित्र निघालं. गव्हाची सोंगणी चाललीय, बाया विळे घेऊन कमरेतून वाकल्यात, एकीच्या पाठीला पोर बांधलंय. बांधावर घोड्यावर बसलेला गलेलठ्ठ जमीनदार रुमालाने घाम पुसतोय. चित्रकाराचा सगळा राग त्या रुमालात उतरलाय. निफाडकडची सोंगणी पाहिलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही.

खालची कडा छाटलेली, त्यामुळे नाव-साल गेलंय. इंग्रज व्यंगचित्रकार थॉमस रोलँडसन (मृत्यू १८२७) यांच्या काळात अशी चित्रं तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापत आणि रंग हाताने भरत. पत्र्याच्या दाबाने कागदावर चौकटीसारखा खळगा उमटतो. माझ्या कागदावर वरच्या आणि डाव्या बाजूला तो बोटाला लागतो. लाल रंग एका बाईच्या झग्याच्या रेषेबाहेर गेलाय. भिंगातून आधुनिक छपाईचे ठिपके दिसत नाहीत. एवढ्यावरून मूळ छाप म्हणता येईल का? की नंतरच्या नकलांतही असा खळगा मुद्दाम पाडतात?

दुसरं जास्त तातडीचं. कागद मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलाय आणि त्यावर तपकिरी डाग आलेत. पावसाळ्याआधी तो सोडवून घ्यायचाय, घरी हात लावायची हिंमत नाही. नाशकात जुन्या कागदाचं जतन करणारं खात्रीचं कुणी आहे का? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन केंद्रात खासगी वस्तू दिल्याचा कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.